साल्हेरचा 'विकास' करण्याआधी जरा थांबा!

मे-जून आला की नाशिककरांच्या वॉलवर एक फोटो हमखास दिसतो. मागे स्कॉटलंडचं लॉख नेस, काठावर पडका अर्कर्ट किल्ला, पुढे जॅकेट घातलेलं कुटुंब. खाली कॉमेंट ठरलेल्या : काय मेंटेन केलंय राव!

मेंटेन केलंय, खरंय. पण म्हणजे नेमकं काय केलंय? १६९२ मध्ये तिथल्या सैनिकांनी निघताना, शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून, हा किल्ला सुरुंगाने उडवला. नंतर कुणी तो सिमेंट ओतून 'जसाच्या तसा' उभा केला नाही. पडका बुरूज पडकाच ठेवला, फक्त आणखी ढासळू नये एवढी काळजी घेतली. तिकीट, कॅफे, माहितीपट सगळं किल्ल्याबाहेर, उतारात दडवलेल्या इमारतीत.

आता आपल्याकडे या. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत साल्हेरवाडी गाठा. समोर १५६७ मीटर उंचीचा साल्हेर, राज्यातला सर्वात उंच किल्ला. कातळात कोरलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, माथ्याजवळ गुहा आणि गंगासागर तलाव, शिखरावर परशुरामाचं मंदिर. १६७२ मध्ये याच्याच पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगली फौजेला उघड्या मैदानात धूळ चारली. सूर्यराव काकडे इथेच पडले. लॉख नेसवाल्यांना गर्दी जमवायला न दिसलेला राक्षस लागतो. आपल्याकडे खरा इतिहास आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात नाशिक जिल्ह्यातला साल्हेर. पेढे वाटले, बॅनर लागले. चांगलं झालं. भीती पुढच्या गोष्टीची आहे. 'विकास' म्हटलं की आपल्याला पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, कमान आणि सेल्फी पॉइंट यापलीकडे काही सुचतच नाही.

हा दर्जा म्हणजे कायमचं पदक नाही, बरं का. जर्मनीतल्या ड्रेस्डेनने नदीवर पूल बांधला, २००९ मध्ये नाव कटलं. लिव्हरपूलने बंदरकाठी टोलेजंग बांधकामं केली, २०२१ मध्ये तेही यादीतून गेलं. साल्हेर राज्य पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, म्हणजे उद्या काही बिघडलं तर दिल्लीकडे बोट दाखवता येणार नाही.

काही जण म्हणतील, गावाला रोजगार नको का? हवाच. म्हणूनच सांगतोय, पैसा गडावर ओतू नका, पायथ्याला वापरा. साल्हेरवाडी आणि वाघांबे इथल्या पोरांना गाइड म्हणून शिकवा, कामाला ठेवा. घरगुती जेवण-मुक्कामाला मदत करा. पार्किंग, स्वच्छतागृह, प्रथमोपचार खालीच ठेवा. प्रवेशशुल्क घ्या, पण त्यातला ठरलेला वाटा ग्रामपंचायतीला द्या. ज्येष्ठांना चढता येत नाही हेही मान्य. त्यांच्यासाठी पायथ्याला गडाची प्रतिकृती आणि लढाईचा माहितीपट ठेवा. त्यासाठी गड कापायची गरज नाही.

आणि गर्दीवर मर्यादा घाला. पावसाळी शनिवार-रविवारी हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर काय झुंबड उडते, ते आपण पाहिलंय. साल्हेरवर तसं होऊ द्यायचंय का?

वर काम करायचंच असेल तर चुना आणि दगडात, जाणकारांच्या देखरेखीखाली करा. कोणतं काम, किती रुपये, कोण ठेकेदार, याचा मराठी फलक पायथ्याला आधी लावा, कुदळ नंतर उचला.

आपलीही जबाबदारी आहेच. स्कॉटलंडमध्ये चॉकलेटचा कागद खिशात ठेवणारा माणूस इथे गंगासागरात बाटली फेकतो, दरवाजावर बदाम कोरतो. तिथे शिस्त जमते, मग इथे का नाही?

बागलाणकरांनो, नाशिककरांनो, पुढच्या वेळी आमदार-खासदार भेटले की किती कोटी आणले हे विचारू नका. साल्हेरच्या कामाचा आराखडा दाखवा म्हणा. बघा, काय उत्तर मिळतं ते.