हळू खेळणाऱ्याला दोष देण्याआधी

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी मिळून कॉलेजच्या मुलामुलींसाठी पूलची स्पर्धा घेतली. बेळगावातलंच एक पार्लर, दोन टेबलं, सोळा खेळाडू आणि एक रविवार. पोस्टर मीच केलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘फायनल दुपारी ४ वाजता’. प्रत्यक्षात फायनल संपली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. बघायला होते पार्लरचा मार्कर, आम्ही चौघं आणि बाहेर पाऊस लागल्यामुळं अडकलेले दोघं जण.

एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण त्या दिवशी उपान्त्य फेरीत खेळणाऱ्या एका मुलीनं पावणेआठला क्यू खाली ठेवली. ३-२ अशी ती पुढं होती. हॉस्टेलचं गेट आठला बंद होतं. “चालू दे तुमचं,” एवढं म्हणून ती निघाली. दुसऱ्या टेबलावर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा हरत होता. तो का हरत होता, ते पुढं सांगतो, कारण त्यात माझाही हात आहे.

पूल न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. एट बॉलमध्ये आपल्या वाट्याचे सात बॉल आणि शेवटी काळा आठ नंबर पॉकेटात घालायचा, की एक डाव झाला. ‘रेस टू फाइव्ह’ म्हणजे जो आधी पाच डाव घेईल तो सामना जिंकला. त्यामुळं सामना पाच डावांत संपतो, नाहीतर नऊ डावांपर्यंत जातो. क्रिकेटसारखी षटकं नाहीत की फुटबॉलसारखी शिट्टी नाही. डाव किती वेळ चालेल ते खेळणाऱ्यांच्या हातात.

तर हा मुलगा हळू खेळायचा. टेबलाभोवती एक चक्कर, मग चॉक, मग वाकून बघणं, उठणं, पुन्हा वाकणं. सकाळपासून मागं बसलेल्यांची कुजबुज चालू होती. दुपारनंतर ती मोठ्यानं सुरू झाली. “मार की लवकर, झोपलास काय?” यातला एक आवाज माझा होता. सात वाजता उपान्त्य सामने सुरू झाले तेव्हा आम्ही चौघांनी बाजूला जाऊन ठरवलं की त्याच्या टेबलावर मोबाइलचा टायमर लावायचा, एका फटक्याला वीस सेकंद. वेळ चुकली तर फाउल. आणि पूलमधला फाउल साधासुधा नसतो. समोरच्याला पांढरा बॉल हातात मिळतो, टेबलावर हवा तिथं ठेवायला. त्याचे असे तीन फाउल झाले. सामना तो ३-५ असा हरला. मला काही बोलला नाही, क्यू पिशवीत घातली, बससाठी सीबीटीकडं चालत गेला.

दुसऱ्या दिवशी मी गुणपत्रिका काढून बसलो. प्रत्येक सामन्याची सुरुवात आणि शेवट मी लिहून ठेवला होता, तेवढं एक काम नीट केलं होतं. या हळू मुलाचा उपान्त्यपूर्व सामना सहा डावांचा होता आणि अठ्ठावन्न मिनिटांत संपला होता. म्हणजे डावामागे दहा मिनिटंही नाहीत. पहिल्या फेरीत दोन मुलं धडाधड खेळत होती, सगळे त्यांच्यावर खूश होते. त्यांनी नऊ डावांना एक तास पन्नास मिनिटं घेतली होती. डावामागे सव्वाबारा मिनिटं.

आधी वाटलं, आपणच आकडे चुकीचे लिहिले. मग कोडं सुटलं. एखादा खेळाडू प्रत्येक फटक्याला चाळीस सेकंद घेत असेल आणि आठही बॉल ओळीनं घालत असेल, तर डाव साडेपाच मिनिटांत आटोपतो. दोघं पंधरा-पंधरा सेकंदांत मारत असतील, पण निम्म्याहून जास्त फटके चुकत असतील आणि डावाला चाळीस फटके लागत असतील, तर दहा मिनिटं जातात. बघणाऱ्याला पहिला कंटाळवाणा वाटतो, दुसरे चपळ वाटतात. आपण घड्याळ बघतच नाही, हालचाल बघतो. ज्याच्या अंगात धांदल दिसते त्याला आपण जलद म्हणतो. (परीक्षेच्या हॉलमध्येही पुरवणी मागणाऱ्याकडं बघून आपल्याला असंच वाटतं.)

मग उशीर केला कुणी? आम्ही. सोळा खेळाडूंचे पहिल्या फेरीत आठ सामने, दोन टेबलांवर चार पाळ्या. त्यानंतर दोन पाळ्या, मग एक, मग फायनल. एकूण आठ. पोस्टर करताना आम्ही एका पाळीला पाऊण तास धरला होता. तसं चारला फायनल बरोबर बसते, जेवणाच्या सुट्टीसकट. पण आमच्यासारख्या हौशी खेळाडूंचा एक डाव दहा-बारा मिनिटांचा असतो आणि रेस टू फाइव्हमध्ये सरासरी सात डाव होतातच. म्हणजे सव्वा तास. आठ पाळ्यांचे दहा तास. त्यात सुरुवातच पावणेअकराला झाली, कारण चॉकचा डबा आणायला कुणीतरी विसरलं होतं. हा गुणाकार पाचवीतल्या पोराला जमला असता. तो केला नाही आणि संध्याकाळी त्याची किंमत एका मुलाकडून वसूल केली.

हळू खेळणं ही कधीकधी लबाडी असते, हे मी नाकारत नाही. स्नूकरमधला २००५ सालचा किस्सा प्रसिद्ध आहे. शेफील्डला जागतिक स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत रॉनी ओसुलिव्हन ८-२ असा पुढं होता. समोर पीटर एबडन. एबडननं खेळ इतका संथ केला की एकदा बारा गुणांच्या ब्रेकला त्यानं पाच मिनिटांहून जास्त वेळ घेतला. याच ओसुलिव्हननं १९९७ मध्ये जवळपास तेवढ्याच वेळात १४७ चा कमाल ब्रेक केला होता. ओसुलिव्हननं वैतागून प्रेक्षकाला किती वाजले ते विचारलं. शेवटी सामना एबडननं १३-११ असा जिंकला. लोक आजही यावर भांडतात. काहींच्या मते ती खिलाडूवृत्तीला सोडून केलेली गोष्ट, काहींच्या मते बुडणाऱ्या माणसानं धरलेली काडी. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण माझ्या प्रतिस्पर्ध्यानं असं केलं तर मी नक्की पहिल्या बाजूला जाईन!

अशा वेळी काय करायचं, याचं उत्तर पूलच्या जागतिक नियमांत आहे आणि ते वाचल्यावर मला माझी लाज वाटली. पंचाला वाटलं की खेळाडू फार रेंगाळतोय, तर त्यानं आधी त्याला समज द्यायची. तरी फरक पडला नाही तर शॉट क्लॉक लावायचं, मात्र ते सामन्यातल्या दोघांनाही लागू. वेळ चुकली तर नेहमीचा फाउल. आम्ही समज दिली नव्हती, टायमर एकाच टेबलावर लावला होता, आणि वीस सेकंदांचा आकडा कुठून आला तर आमच्यातल्या एकाच्या तोंडातून. मोस्कोनी कपसारख्या मोठ्या स्पर्धेत, जिथं जगातले सगळ्यात तयार खेळाडू असतात, तिथं तीस सेकंद देतात, वर प्रत्येक डावात एकदा मुदतवाढ. आम्ही बी.कॉम.च्या पोराला वीस दिले.

बुद्धिबळासारखं दोघांना वेगवेगळं घड्याळ द्यावं, असं एका मित्रानं सुचवलं. १८८३ च्या लंडन स्पर्धेपासून बुद्धिबळात यांत्रिक घड्याळं आहेत, तिथं ती शोभतात. पण बुद्धिबळात दोघांच्या चाली सारख्या असतात. पूलमध्ये जो बॉल घालत राहतो तोच टेबलावर राहतो, दुसरा खुर्चीवर बसून असतो. म्हणजे चांगलं खेळणाऱ्याचाच वेळ आधी संपणार. सामन्याला सरळ एक तास ठरवून द्यावा, तर पुढं असलेला खेळाडू शेवटच्या दहा मिनिटांत चॉक घासत बसणार. घड्याळ जिथं लावाल तिथं कुणीतरी त्याचा फायदा काढतोच.

मला आपलं कॅरम शहाणं वाटतं. तिथं गेम पंचवीस गुणांचा, पण आठ बोर्ड झाले की गेम संपला, जो पुढं असेल तो जिंकला. मिनिटं मोजायची नाहीत, बोर्ड मोजायचे. शिवाय फटक्याला पंधरा सेकंदांची मर्यादा सगळ्यांना, पहिल्या सामन्यापासून. आपल्याकडं गणपतीच्या मांडवात वाढलेला प्रत्येक जण हे जाणतो आणि त्याला त्यात जाच वाटत नाही, कारण नियम खेळाआधीपासून तिथं असतो.

म्हणून यंदाच्या स्पर्धेसाठी माझं मत असं की सामने लहान करा. पहिल्या दोन फेऱ्या रेस टू थ्री, उपान्त्य चार, फायनल पाच. पाऊण तासाच्या सहा पाळ्या, एक तासाची एक आणि सव्वा तासाची फायनल. दहाला सुरू केलं तर जेवणासकट साडेपाचला बक्षीस वाटप.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खरा आहे. सामना लहान झाला की नशिबाचा वाटा वाढतो. एखादा चांगला खेळाडू दोन डाव वाईट खेळला की घरी. लांब सामन्यात खरा खेळाडू वर येतो, हे जुन्या लोकांना पटलेलं होतं, म्हणूनच १९४६ ची जागतिक स्नूकर फायनल १४५ फ्रेम्सची होती आणि जो डेव्हिसनं ती ७८-६७ अशी जिंकली. आता तीच फायनल ३५ फ्रेम्सची असते. तरी तिला दोन दिवस लागतात, आणि त्या खेळाडूंना रात्री खानापूरकडची बस गाठायची नसते. आमच्या स्पर्धेत लांब सामन्यानं कोण वर आलं? ज्याच्याकडं गाडी होती आणि ज्याला कुणी घरी वाट बघत नव्हतं, तो. बिचारा चांगला खेळला, त्याच्यावर माझा राग नाही. पण जी मुलगी ३-२ ने पुढं होती तिच्यापेक्षा तो चांगला होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही. नशिबाचाच वाटा ठेवायचा असेल, तर तो टेबलावर असावा, हॉस्टेलच्या गेटवर नको.

शॉट क्लॉकही ठेवा, पण पंच पुरेसे असतील तरच. टेबलाला एक माणूस घड्याळावर लागतो, नुसता मोबाइल पेटीवर टेकवून चालत नाही. पंच नसतील तर समज द्यायचा अधिकार कुणाला ते सकाळीच सगळ्यांसमोर सांगा. आणि मागं बसून ओरडणाऱ्यांना बाहेर काढा, मलासुद्धा.

त्या मुलाला मी नंतर कँटीनमध्ये भेटलो. गुणपत्रिकेचे आकडे दाखवले. त्यानं बराच वेळ बघितले, त्याच्या सवयीप्रमाणं. मग म्हणाला, “तीन फाउलमधला तिसरा बरोबर होता. मी खरंच कुठला मारायचा ते विसरलो होतो.” यंदा खेळणार काय विचारलं, तर म्हणाला, बघू.

प्रवेश अर्जाचा नमुना या आठवड्यात तयार होतोय. त्यात नाव, वर्ग, फोन नंबर यांच्या खाली मी आणखी एक रकाना घातलाय, ‘घरी किंवा हॉस्टेलवर किती वाजेपर्यंत पोचायला हवं?’ समितीतल्या दोघांना तो फालतू वाटतो. मी काढणार नाही.