पहाटेचा हट्ट सोडला तर

डिसेंबर लागला की घाटावर, बुलढाणा-चिखलीकडे, चौकाचौकांत शेकोट्या दिसू लागतात आणि रस्त्यावर नवे बूट. शेकोट्या थंडीभर टिकतात, बूट मात्र संक्रांतीच्या आत दारामागे जाऊन पडतात. याला आपण आळस म्हणतो. मला हे निदान चुकीचे वाटते. व्यायाम म्हणजे पहाटे पाचला उठणे, ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे. तालमीतल्या पोराला ती वेळ शोभते. दिवसभर काउंटरवर बसणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाला अंधारात, गोधडीतून निघून, गार पडलेल्या बुटात पाय घालायचा असतो आणि रोज सकाळी नव्याने स्वतःशी भांडायचे असते. रोजच्या भांडणातून सवय लागत नाही.

सवय लागते कशी, याचा एक चांगला अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ९६ जणांनी एखादी छोटी कृती निवडली आणि ती रोजच्याच एखाद्या प्रसंगाला जोडून १२ आठवडे केली; जसे न्याहारी झाली की चालणे. कृती आपोआप घडू लागायला कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधला आकडा ६६ होता. व्यायामाची सवय मुरायला पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा जास्त दिवस लागले. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही, ही त्यातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट. १ डिसेंबरला सुरुवात केली तर ६६ वा दिवस ४ फेब्रुवारीला येतो. एवढी सलग थंड, कोरडी हवा आपल्याकडे वर्षात दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून सवयीची पेरणी रब्बीतच करावी, पण चहा झाला की वीस मिनिटे, किंवा दुकानाचे शटर ओढले की मैदानावर, अशा रोजच्या कामाला बांधून.

याचा दाखला जिल्ह्यातच आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले अंधारात जीव तोडून धावतात; पण भरती पार पडली की त्यांतली बरीच जण पुन्हा रस्त्यावर दिसत नाहीत, कारण धावणे त्या तारखेसाठीच होते. उलट शेगावची पायी वारी करणारी माणसे पाहा. माघ वद्य सप्तमीच्या प्रकटदिनाला दिंड्या ऐन हिवाळ्यात चालत येतात. त्यांची तिथी ठरलेली, सोबत ठरलेली. यंदा जायचे की नाही, हा प्रश्नच घरात निघत नाही. भक्तीची बरोबरी व्यायामाशी करू नये, पण प्रश्नच न निघणे हे सवयीचे लक्षण आहे आणि ते तिथून उचलता येते.

शेतात राबणाऱ्याला हे कशाला सांगता, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, कापूस वेचून कंबर धरलेल्या बाईला आणखी चालायला सांगणे क्रूरपणाचे होईल. हे सांगणे बसून काम करणाऱ्यांसाठी आहे आणि त्यांची संख्या वाढते आहे. २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते, असे लॅन्सेट ग्लोबल हेल्थने छापले. बायकांना वेळ नाही हे खरे. पण संध्याकाळी जायला उजेडाची, सुरक्षित जागाही नसते. नगरपालिकांनी, ग्रामपंचायतींनी शाळेच्या मैदानावर दिवे लावून ते तासभर खुले ठेवले तर भाषणांपेक्षा जास्त काम होईल. दुसरा आक्षेप थंडीचा. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. वयस्कांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी पहाटे बाहेर पडू नये, हा सल्ला योग्यच आहे. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. आठ वाजता, कोवळ्या उन्हात निघालेली आजी काहीही गमावत नाही.

खरी परीक्षा मार्चनंतर, विशेषतः घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्यात आठच्या उन्हालाही चटका येतो तेव्हा. तिथे घड्याळाला बांधलेला नेम तुटतो. चहाला बांधलेला मात्र चहाबरोबरच सरकतो, कारण उन्हाळ्यात घरातला पहिला चहा तसाही सहालाच होतो.