बटणं आम्हाला, संकल्पना त्यांना?



निफाड तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात जा. लासलगाव असो, पिंपळगाव बसवंत असो की खुद्द निफाड, स्टँडजवळ एक तरी कॉम्प्युटर क्लास असतोच. बाहेर फ्लेक्स, आत एमएस-सीआयटी, टायपिंग, टॅली आणि हल्ली तीन महिन्यांत 'फुल स्टॅक'. आपली पोरं-पोरी तिथे फी भरतात. ती फी कुठून येते हेही आपल्याला माहीत आहे. आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते, बाप द्राक्षाच्या छाटणीला जातो, तिथून येते. मग सर्टिफिकेट घेऊन पोरगं पुण्याला मुलाखतीला जातं. तिथे त्याला कुणी बटण कुठलं दाबायचं ते विचारत नाही. तिथे विचारतात, ॲरे आणि लिंक्ड लिस्टमध्ये फरक काय? लाखभर नोंदींतून एक शोधायची तर किती पावलं लागतील? पोरगं गप्प बसतं. घरी येऊन म्हणतं, "दादा, आपल्यात तेवढं डोकं नाही."

डोकं नाही? मी हे मानायला तयार नाही. हा डोक्याचा प्रश्नच नाही. कुणाला काय शिकवायचं आणि कुणाला कुठपर्यंत थांबवायचं, हे या देशात कोण ठरवत आलं, याचा हा प्रश्न आहे.

आपल्या शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढच्याच वर्षी त्यांचं लाहोरचं न होऊ दिलेलं भाषण पुस्तकरूपाने आलं. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच एकावर एक रचलेली उतरंड आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. योगायोग असा की त्याच १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने आजच्या संगणकाचा वैचारिक पाया घालणारा निबंध लिहिला. आपल्या पोरांना यातलं पहिलं कुणी तरी सांगतं. दुसरं कुणीच सांगत नाही. आणि गंमत म्हणजे आजच्या आयटीतली उतरंड समजायला दोन्ही लागतात.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला असताना गोपाळ गुरू सरांचा २००२ मधला लेख वाचला होता. सामाजिक शास्त्रांत सिद्धांत मांडणं एका वर्गाकडे आणि माहिती गोळा करून देणं दुसऱ्या वर्गाकडे, ही वाटणी कशी झाली हे त्यांनी त्यात उघडं केलं. संगणकात वेगळं काय आहे? रचना कुणी ठरवायची, हे एका ठिकाणी ठरतं. डेटा एन्ट्री कुणी करायची, हे दुसऱ्या ठिकाणी. एमएस-सीआयटी २००१ मध्ये आलं, त्याने लाखो मुलांना कीबोर्डपर्यंत नेलं, हे मी नाकारत नाही. सरकारी नोकरीला ते लागतंही. पण कीबोर्डपर्यंत नेऊन तिथेच सोडलं. वर्ड शिकवलं, पण अक्षर संगणकात कसं साठतं ते नाही. एक्सेल शिकवलं, पण माहितीची रचना म्हणजे काय ते नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जो झिरपण्याचा सिद्धांत झोडपला, तो हाच. वरच्यांना भरपूर द्या, खाली आपोआप झिरपेल. दीडशे वर्षं होत आली, खाली झिरपलं ते एवढंच.

"पण त्या संकल्पना अवघड असतात हो," असं आपलेच लोक म्हणतात. अवघड? लासलगावच्या बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. जो आधी आला त्याचा लिलाव आधी. याला संगणकशास्त्रात क्यू म्हणतात. पॅकिंगला आलेले द्राक्षांचे क्रेट एकावर एक रचले की शेवटी ठेवलेला आधी उचलावा लागतो. तो स्टॅक. जिल्हा, त्याखाली तालुके, त्याखाली गावं, त्याखाली वस्त्या, हा ट्री. आपल्या बायाबापड्या हे रोज हाताने करतात. फक्त याला ज्ञान म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता शोधण्याचं बघा. एक लाख नावांची यादी आहे आणि ती कशीही लिहिलेली आहे. एक नाव शोधायचं तर नशीब वाईट असेल तेव्हा एक लाख नावं बघावी लागतील. तीच यादी अकारविल्हे लावलेली असेल, तर मधलं नाव बघा, आपलं त्याच्या आधी की नंतर ते ठरवा, अर्धी यादी सोडून द्या, पुन्हा मधलं बघा. जास्तीत जास्त सतरा पावलांत निकाल लागतो. एक लाख आणि सतरा! हा फरक महागड्या मशीनने पडत नाही, विचाराने पडतो. मुलाखतीत पोरगं गप्प बसतं ते याच प्रश्नावर, आणि हे समजायला इंग्रजी लागत नाही.

याचा आपल्या पोटाशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी २०१७ ची कर्जमाफी आठवावी. दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ, योजना ३४ हजार कोटींची, अर्ज ऑनलाइन. शेतकरी रात्र रात्र सेतू केंद्राबाहेर बसले. दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मग कळलं की बँकांच्या याद्या आणि पोर्टलवरचे अर्ज एकमेकांशी जुळत नाहीत. एकच आधार क्रमांक कित्येक खातेदारांपुढे असल्याच्या बातम्या आल्या. 'ग्रीन लिस्ट' हा शब्द तेव्हा गावागावात पोचला. ज्याचं नाव तिच्यात नाही तो बँकेत गेला की उत्तर एकच, "सिस्टीम घेत नाही."

दोन याद्या जुळवणं हे संगणकशास्त्राचं पहिल्या वर्षाचं काम आहे. एका यादीत लाख नावं, दुसरीत लाख. प्रत्येक नाव दुसरीतल्या प्रत्येक नावाशी ताडून बघितलं तर एक हजार कोटी तुलना होतात. हॅशिंग वापरलं, म्हणजे प्रत्येक नावावरून त्याचा खण ठरवला आणि थेट त्याच खणात हात घातला, तर दोन लाखांच्या आसपास पावलांत काम होतं. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो, मोठा सर्व्हर घ्या. मग टेंडर निघतं. (टेंडर कुणाला मिळतं, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आधारचंच घ्या. त्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरतो. व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची ती पद्धत आहे. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटेपालटे झाले, तर ती तिथल्या तिथे पकडते. म्हणजे फॉर्म भरतानाच लाल अक्षरात सांगता येतं की नंबर चुकलाय. ज्या फॉर्ममध्ये ही तपासणी नाही, त्याची चूक नंतर कुणाच्या अंगावर येते? ऑपरेटरच्या? अधिकाऱ्याच्या? ती येते दोनशे रुपयांची मजुरी बुडवून तालुक्याला हेलपाटे मारणाऱ्या बाईच्या अंगावर.

आणि आपली भाषा! आमच्याकडे एक मुलगी आली होती, आडनावात 'ऱ्ह'. शिष्यवृत्तीच्या कामासाठी कॉलेजच्या यादीत तिचं नाव शोधलं की सापडायचं नाही. नाव डोळ्यांना समोर दिसतंय आणि शोधलं की "नोंद नाही". ती चार वेळा जाऊन आली. कारण निघालं ते असं, की युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला 'ऱ' वेगळं अक्षर म्हणून साठतो. दुसरीत साधा 'र', हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मशीनसाठी ती दोन वेगळी नावं. 'ॲड.' मधल्या 'ॲ' चीही हीच कथा. 'क्ष' आपल्याला एक अक्षर वाटतं, संगणकात ती तीन चिन्हं आहेत. नावं साठवण्याआधी ती एका साच्यात आणायची असतात, हा पाठ्यपुस्तकातला नियम आहे. मराठीत काम करणाऱ्या प्रोग्रामरला तो माहीत नसेल, तर तऱ्हाळे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे यांनी काय आडनावं बदलायची?

ती अडचण कुणी शोधली? आमच्या रविवारच्या वर्गातल्या एका बी.एस्सी.च्या पोराने. त्याला कुठलं भारी सॉफ्टवेअर येत नव्हतं. अक्षर म्हणजे संगणकासाठी आकडा असतो, एवढी एकच गोष्ट त्याला नीट समजली होती. म्हणून तो क्लार्कला म्हणू शकला, "सर, सिस्टीम घेत नाही असं नसतं. कुणीतरी नियम लिहिलाय म्हणून घेत नाही."

माझा सगळा आग्रह या वाक्यासाठी आहे. पूर्वी नियम जीआरमध्ये असायचा. जीआर वाचता येतो, माहितीच्या अधिकारात कागद मागता येतो, मोर्चा काढता येतो. आता नियम कोडमध्ये गेलाय. पोथी संस्कृतात होती तेव्हा ती कुणी वाचायची हे ठरलेलं होतं. कोडवर तसा पहारा कुणी बसवलेला नाही, पण आपण संकल्पना शिकलोच नाही तर पहाऱ्याची गरजही नाही. ट्युरिंगने त्याच १९३६ च्या निबंधात हेही सिद्ध केलं होतं की काही प्रश्न असे असतात जे कुठलंही यंत्र कधीच सोडवू शकणार नाही. यंत्राच्या मर्यादा ज्याला ठाऊक आहेत तो यंत्रापुढे हात जोडत नाही.

आता नवं पालुपद सुरू झालंय. "एआय कोड लिहितं, संकल्पना कशाला शिकायच्या?" हे सांगणाऱ्यांची स्वतःची मुलं काय शिकतात ते जरा बघा. ती डेटा स्ट्रक्चर शिकतात, गणित शिकतात, आयआयटीचे क्लास लावतात. एआयने लिहिलेला कोड बरोबर की चूक, हे तपासायला तोच पाया लागतो. ज्याला पाया नाही तो एआयचा ऑपरेटर होणार. काल टायपिस्ट होता, आज प्रॉम्प्ट टाकणारा. पगारही तेवढाच.

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतला. आपलं काम कायदा, सामाजिक शास्त्रं, स्पर्धा परीक्षा. हे कॉम्प्युटरचं त्यांच्याकडे राहू द्या. यावर मला जॉर्ज बूल आठवतो. होय आणि नाही यांचं जे बीजगणित प्रत्येक संगणकाच्या पोटात चालतं, ते याचं. बाप जोडे शिवायचा. बूलकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, बरंचसं स्वतःच शिकला, एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली, पुढे प्राध्यापक झाला आणि १८५४ मध्ये त्याचा ग्रंथ आला. बूल जन्मला १८१५ मध्ये. पुण्यात तेव्हा पेशवाई होती, ती संपायला अजून तीन वर्षं होती. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा तर्कशास्त्राचं गणित मांडतोय, हे त्या पुण्यात कुणाला खपलं असतं? तेव्हा हे शास्त्र "त्यांचं" आहे, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

सरकारी जागा घटताहेत, खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. त्यासाठीची लढाई चालूच ठेवायची. पण पोरगं मुलाखतीत आज बसलंय.

आमच्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर दीड तास हा वर्ग चालतो. सुरुवातीचे दोन महिने कॉम्प्युटर लावत नाही. चिठ्ठ्यांवर नावं लिहून त्या लावायला सांगतो आणि किती अदलाबदली झाल्या ते मोजायला लावतो. मग बायनरी, मग बूलचे आणि-किंवा-नाही, मग यादी, रांग, झाड, हॅश. भाषा पायथन, पण ती सगळ्यात शेवटी. समजावणं सगळं मराठीत. इंग्रजी शब्द आहेत तसेच ठेवतो, कारण मुलाखतीत तेच ऐकू येणार आहेत. मुली जास्त येतात, हे मुद्दाम सांगतो.

जयंतीच्या डीजेची सुपारी किती रुपयांना जाते हे प्रत्येक मंडळाला माहीत आहे. त्यातून जुने पण चालणारे किती लॅपटॉप येतात याचा हिशेब मंडळांनी या वर्षी एकदा मांडावा. मी दोन मंडळांपुढे मांडला, एकाने तयारी दाखवली आहे.

आणि हिंजवडी, खराडीत बसलेल्या आपल्या इंजिनिअर भावा-बहिणींनो, पैसे नकोत. महिन्यातला एक रविवार हवाय. जानेवारीपासून रिकर्शन सुरू करतोय. ते आमच्यातल्या कुणालाही तुमच्याइतकं नीट सांगता येणार नाही, तेव्हा जो येईल त्याने आधी कळवावं, म्हणजे त्या रविवारी आसपासच्या गावांतल्या पोरांनाही बोलावता येईल.