जॉकीचा आकडा खरा, पण परताव्याचा रकाना कुठे आहे?

बाळापुरात रेसकोर्स नाही, शर्यतीच्या घोड्यांचा तबेला नाही, टोटची, म्हणजे पैजा घेण्याची, खिडकी नाही. तरी पुण्याचा पावसाळी हंगाम सुरू झाला की इथल्या चहाच्या टपऱ्यांवर जॉकींची नावे ऐकू येऊ लागतात. नोव्हेंबरात हंगाम मुंबईच्या महालक्ष्मीला सरकतो आणि फेब्रुवारीत इंडियन डर्बीच्या सुमारास या चर्चेला उधाण येते. बोलणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. काहींच्या खिशात कापसाच्या पट्टीचे पैसे असतात, काहींच्या खिशात उसने.

मी अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला गणित आणि संख्याशास्त्र शिकवते, राहते बाळापुरात. त्यामुळे गावातली माजी विद्यार्थी मंडळी आकड्यांचे काही अडले की मला गाठतात. गेल्या हंगामात एकाने वही आणून दाखवली. जॉकीचे नाव, किती स्वाऱ्या, किती विजय, किती टक्के, असे रकाने सुवाच्य अक्षरात आखलेले. एका नावावर बोट ठेवून तो म्हणाला, ‘‘मॅडम, साठ राइडमधी बारा जिंकला हा. वीस टक्के! मंग याच्यावर काहून लावू नये?’’

प्रश्न चांगला होता. ‘जुगार वाईट’ एवढे सांगून त्याला वाटेला लावणे मला पटले नाही. ज्या मुलाने इतक्या निगुतीने आकडे मांडले, त्याला उत्तरही आकड्यांतच मिळायला हवे. तेच उत्तर इथे सविस्तर देते, कारण अशा वह्या आणि मोबाइलमधले असे तक्ते आता वऱ्हाडात गावोगावी आहेत.

आधी त्याच्या बाजूने. जॉकीचे कौशल्य ही कल्पना नव्हे, ती मोजता येणारी गोष्ट आहे. चोवीसशे मीटरच्या डर्बीत घोडा कुठे दमवायचा नाही, कठड्याच्या कडेला राहायचे की बाहेरून मोकळी वाट धरायची, शेवटच्या वळणानंतर नेमके केव्हा सोडायचे, हे निर्णय क्षणात घ्यावे लागतात. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही मराठी नावे या मैदानांवर गाजली ती याच बळावर. पेसी श्रॉफ आधी जॉकी म्हणून आणि पुढे प्रशिक्षक म्हणून शिखरावर राहिले. इंग्लंडच्या लेस्टर पिगटने एप्समची डर्बी नऊ वेळा जिंकली. नऊ वेळा नशीब लागत नसते. हे काम जिवावरचेही आहे. कार्ल उमरीगर हा ऐन उमेदीतला जॉकी १९७९ मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर घोड्यावरून पडला आणि त्यातच गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवले, तेव्हा विचारात घेतलेल्या बाबींत घोड्याची कुवत, त्याच्या पाठीवरचे वजन आणि शर्यतीचे अंतर यांच्यासोबत जॉकीची क्षमताही होती. म्हणजे वहीतला रकाना निरर्थक नाही.

अडचण पुढे सुरू होते. ते वीस टक्के नेमके कोणाचे, जॉकीचे की घोड्याचे?

वऱ्हाडी माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. त्याने शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेला असतो. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पटाला पुन्हा वाट दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने पटाला परवानगी देणारा राज्याचा कायदा कायम केला आणि तळेगाव दशासरसारख्या जुन्या पटांना पुन्हा गर्दी होऊ लागली. तिथे जोडीची वेळ सेकंदाच्या अपूर्णांकात लागते. पण जाणता माणूस नुसती वेळ ऐकून जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला शाबासकी देत नाही. तो विचारतो, हीच जोडी दुसऱ्याने हाकली तेव्हा किती लागली होती? आणि हाच धुरकरी साधारण जोडीवर बसला तेव्हा? दोन्ही उत्तरे मिळाल्यावर बैलांचे श्रेय किती आणि हाकणाऱ्याचे किती, हे कळू लागते.

रेसकोर्सवर हे वेगळे करणे आणखी कठीण. नामवंत जॉकीला मोठे मालक आणि मोठे प्रशिक्षक आपले उत्तम घोडे देतात. तो जास्त जिंकतो, म्हणून त्याला पुन्हा उत्तम घोडे मिळतात. नवख्या अप्रेंटिसला वजनात सवलत असते, पण हाती येणारे घोडे बहुधा मागच्या रांगेतले. दोघांची टक्केवारी शेजारी शेजारी लिहिली की पहिला दुप्पट हुशार वाटतो. त्यातला मोठा वाटा घोड्यांचा असू शकतो. वहीला खरा अर्थ यायचा तर तीच घोडी वेगळ्या जॉकीखाली कशी धावली, तो जॉकी त्या विशिष्ट प्रशिक्षकासाठी कसा धावतो, कोणत्या अंतरावर, ओल्या मैदानावर की कोरड्या, हे रकाने वाढवावे लागतात. रकाने वाढले की प्रत्येक चौकटीत तीन-चार स्वाऱ्या उरतात, आणि तीन-चार स्वाऱ्यांवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

साठ स्वाऱ्यासुद्धा थोड्याच आहेत. साठपैकी बारा जिंकणाऱ्याची खरी क्षमता संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशोबाने साधारण १० ते ३० टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकते. हे बारावीच्या पुस्तकातल्या सूत्राने कोणीही पडताळावे. शिवाय तीस जॉकींची यादी करून त्यातला सर्वांत वरचा निवडला, तर त्याच्या आकड्यात त्या हंगामाच्या योगायोगाचा भाग हमखास मिसळलेला असतो. पुढच्या हंगामात तो खाली घसरला म्हणजे त्याचे कसब गेले असे होत नाही.

आता समजा, सगळे रकाने भरले आणि आपला जॉकी खरोखरच उत्तम निघाला. तरीही पैसा मिळेलच असे नाही, कारण पैसा कोण जिंकतो यावर ठरत नाही. कोणत्या भावाने जिंकतो, यावर ठरतो. आणि जॉकीचे नाव भावात सर्वांत आधी मुरते. ते रेसबुकात छापलेले असते, ते सगळ्यांना दिसते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण २८ सप्टेंबर १९९६ चे. इंग्लंडमधल्या ॲस्कॉटच्या मैदानावर फ्रँकी डेटोरीने त्या दिवशीच्या सातही शर्यती जिंकल्या. शेवटच्या शर्यतीतला त्याचा घोडा फुजियामा क्रेस्ट. सकाळी त्याचा भाव एकास बारा होता. डेटोरी ओळीने सहा जिंकल्यावर लोकांनी त्याच्या नावावर इतका पैसा ओतला की शर्यत सुटताना भाव एकास दोनवर आला. घोडा तोच, पाठीवरचे वजन तेच, स्वारही तोच. सकाळी शंभर लावणाऱ्याला बाराशेचा नफा झाला, शेवटी लावणाऱ्याला दोनशेचा. घोडा जिंकला म्हणून ही गोष्ट लोक आनंदाने सांगतात, आणि बुकींचे कोट्यवधी पौंड बुडाले तेही खरे. पण माझ्या विद्यार्थ्याने त्यातून भावाची घसरण लक्षात ठेवावी. ज्या गुणाची सगळ्यांना खबर आहे, त्याची किंमत आधीच वसूल झालेली असते.

आता आपल्याकडचा हिशोब. सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजेला ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के होता. तो नफ्यावर लागत नाही, पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर लागतो. शंभराची पैज म्हणजे चाळीस कर, खर्च एकशे चाळीस. समजा, वहीतल्या जॉकीचा घोडा खरोखर वीस टक्के वेळा जिंकतो आणि भाव एकास तीन मिळतो. शंभर वेळा शंभर रुपये लावले तर खर्च १४,००० रुपये. वीस वेळा जिंकून प्रत्येकी मूळ रकमेसह ४०० परत, म्हणजे ८,००० रुपये. तूट ६,०००. याच भावावर नुसती बरोबरी साधायची तरी त्या घोड्याने शंभरातून पस्तीस वेळा जिंकायला हवे. वीस टक्क्यांचा जॉकी पस्तीस टक्के कुठून आणणार? टोटमध्ये जमलेल्या पैजांच्या पैशांतून क्लबचा वाटा आधी कापला जातो तो वेगळाच. वर्षभराच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

‘‘पण हाँगकाँगमधी कॉम्प्युटर लावून लोक अब्जाधीश झाले,’’ हे उत्तर मला हमखास ऐकू येते. बिल बेंटरचे उदाहरण खरे आहे. तो १९८४ मध्ये ॲलन वूड्स या जोडीदारासह तिथे गेला, सुरुवातीला हरला आणि पुढे प्रचंड जिंकला. १९९४ मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्धही केली. ती वाचली तर दिसते की जॉकी हा त्याच्या अनेक घटकांपैकी एक होता. आणि निर्णायक पायरी होती ती स्वतःच्या अंदाजात लोकांनी ठरवलेला भाव मिसळण्याची. म्हणजे जगातल्या सर्वांत यशस्वी खेळाडूंपैकी एकानेही गर्दीच्या भावाला पूर्ण मान दिला. त्याच्यापाशी अनेक वर्षांची तपशीलवार नोंद होती, पगारी माणसे होती, मोठे भांडवल होते, आणि आपल्यासारखा पूर्ण रकमेवरचा ४० टक्के कर नव्हता. बाळापुरातल्या टपरीवर यातले काय आहे?

टपरीवर आहे तो फोनवरचा बुकी. तो जीएसटी घेत नाही, हेच त्याचे आकर्षण. पण महाराष्ट्रात शर्यतीवरची पैज कायदेशीर आहे ती परवाना असलेल्या मैदानावर, नेमून दिलेल्या जागेत, टोटवर किंवा परवानाधारक बुकीकडे. गावातल्या फोनवरच्या पैजेला १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातली ती सवलत लागू नाही. जिंकलात आणि त्याने पैसे दिले नाहीत तर दाद कोणाकडे मागणार? हरलात तर वसुलीला मात्र माणूस दारात येतो. वऱ्हाडाला हा मार्ग नवा नाही. न्यूयॉर्कच्या बाजारातून तारेने मुंबईला येणाऱ्या कापसाच्या भावावर आकडे लावण्यातून मटका जन्मला. पिकवणारे आपण, आणि आपल्याच पिकाच्या नावाने सुरू झालेल्या खेळात आपल्याच घरांनी शेते गहाण टाकली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ॲप बंद झाल्यावर ती तरुण मंडळी हातात वही घेऊन त्याच जुन्या बुकीकडे वळू नयेत, ही माझी खरी काळजी आहे.

म्हणून तीन मागण्या करते.

पहिली, शर्यतींचे अंदाज छापणाऱ्या वर्तमानपत्रांकडे आणि रेस क्लबांकडे. जॉकीच्या नावापुढे स्वाऱ्या आणि विजय छापता, तसा एक रकाना आणखी छापा: या जॉकीच्या प्रत्येक स्वारीवर हंगामभर शंभर रुपये लावले असते तर करासह हाती काय उरले असते? ब्रिटनमधल्या शर्यतीच्या पत्रांत समान पैजेवरचा नफा-तोटा जॉकीच्या टक्केवारीशेजारी छापण्याची रीत आहे. तिथे वीस-बावीस टक्के जिंकणाऱ्या नामांकितांसमोरही उणे चिन्ह सर्रास दिसते. ते चिन्ह मराठी वाचकालाही दिसू द्या. अंदाज देणाऱ्या सदरकारांनीही आपल्या मागच्या हंगामाचा असाच हिशोब सदराखाली द्यावा.

दुसरी, माझ्याच व्यवसायातल्या लोकांकडे. संभाव्यता शिकवताना आपण अजून पिशवीतले लाल-निळे चेंडू काढत बसतो. मुलांच्या खिशातले पैसे ज्या प्रश्नावर जात आहेत, तो प्रश्न वर्गात घ्या. अपेक्षित मूल्य हे सूत्र भाव आणि कर घालून एकदा सोडवले की मूल ते विसरत नाही. मी ते गेल्या वर्षापासून वर्गात घेते आणि शेवटच्या बाकापर्यंत लक्ष असते.

तिसरी, गावातल्या त्या वहीवाल्या मुलांकडे. बाळांनो, तुम्ही जे करता त्याला नोंद ठेवणे म्हणतात, आणि तो मोठा गुण आहे. साठ स्वाऱ्यांची वही चुकीशिवाय लिहिणारा मुलगा जिनिंगमध्ये, बाजार समितीत, बँकेत, पीक विम्याच्या कामात कुठेही उपयोगी पडेल. शर्यत आवडत असेल तर जरूर पाहा. जॉकीचे कसब पाहण्यासारखेच असते, आणि त्याला दाद द्यायला पैज लागत नाही. पण वहीत दोन रकाने आजच वाढवा: मिळालेला भाव आणि करासह खर्च. मग एक अख्खा हंगाम एक रुपयाही न लावता तो हिशोब कागदावर चालवा. बेरीज उणे आली तर वहीवर विश्वास ठेवा, कारण ती तुम्हीच लिहिलेली असेल. अधिक आली तर माझ्याकडे घेऊन या; कोणत्या स्वारीच्या नोंदीने ती अधिक झाली, ते आपण दोघे बसून शोधू.