किती वर? की काय?

मी ट्रम्पेट वाजवतो हे होस्टेलमध्ये कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "हाय सी लागतो का रे?" जणू काही ट्रम्पेट म्हणजे उंच उडीची स्पर्धा!

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. कॉन्व्हेंटच्या बॅण्डमध्ये वाद्य हाती आलं तेव्हापासून डोक्यात एकच, टाळ्या पडतात त्या वरच्या सुराला. मागच्या गॅदरिंगच्या आधी रोज दोन तास माउथपीस ओठांवर दाबून वर, अजून वर... शेवटी आदल्या रात्री ओठ सुजला आणि स्टेजवर साधा मधला सूरसुद्धा फाटला.

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून थोडं गणित. व्हॉल्व्ह न दाबता ट्रम्पेटमधून ठरावीकच सूर निघतात. साधारण २३३, ३५०, ४६६ हर्ट्झ असे, सुमारे ११७ च्या अंतराने. खाली २३३ वरून ३५० म्हणजे 'सा'वरून थेट 'प'. वर मात्र ८१६ वरून ९३२ म्हणजे जेमतेम एक स्वर, आणि हाच तो हाय सी! वर सूर इतके दाटीने बसलेले असतात की ओठ किंचित चुकला की शेजारचा लागतो. दाबून काही होत नाही. दाबल्याने ओठातलं रक्त अडतं आणि तो कंप पावायचा थांबतो.

सुट्टीत धामणगाव रेल्वेला घरी गेलो आणि लग्नाच्या बॅण्डमधल्या एका मास्तरांना गाठलं. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "बाबू, तू वर जातं ते ठीक हाये. पन तुयं गानं कुठी हाये?" मग हळू आवाजात लांब सूर, जितकं वाजवलं तितकीच विश्रांती, आणि मधला सूर गोल झाल्याशिवाय अर्धा स्वरही वर नाही. मे महिन्याच्या उन्हात तीन तास वरातीत वाजवणारा माणूस वरचा सूर जपून ठेवतो. नवरदेव मांडवाच्या दारात आला की मगच काढतो! ही त्यांची शैली त्यांच्या कामातून आलेली आहे.

मोठ्यांचंही तसंच. मेनार्ड फर्ग्युसन उंच सुरांसाठी गाजला, तर माइल्स डेव्हिस बहुतेक मधल्याच सप्तकात राहिला आणि १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' देऊन गेला. आपल्या गोव्याचे चिक चॉकलेट 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखले जायचे. पण सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'त ते हिंदी गाण्यात मिसळून गेले. खुद्द आर्मस्ट्राँगच्या ओठांना उंच सुरांच्या हव्यासाने कायमची इजा झाली होती.

वरचे सूर नकोत असं मी म्हणत नाही. ते हवेतच, पण काय वाजवायचं हे आधी ठरलं पाहिजे. नाहीतर मार्कांसारखंच व्हायचं. किती पडले हे सगळे विचारतात, काय आलं हे कुणीच विचारत नाही.

आणि एक विनंती. "बॅण्डवाला" हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. यंदा गॅदरिंगच्या मिरवणुकीला डीजेऐवजी गावातली एखादी बॅण्डपार्टी बोलवून बघा. डीजेमुळे त्यांच्या सुपाऱ्या कमी होत चालल्यात. मी त्यांच्या मागच्या रांगेत उभा राहीन, मधल्या सुरात!