ट्रेलर पाहिला, पिक्चर पाहिला का?



रविवारची सामुदायिक वंदना आटोपली की आमच्या विहाराच्या पायऱ्यांवर पोरांचा घोळका जमतो. एकाच्या हातात मोबाइल आणि बाकीच्यांच्या माना त्यावर. परवा आम्हीही सहज डोकावलो. येऊ घातलेल्या एका मोठ्या पिक्चरचा ट्रेलर चालू होता. अडीच मिनिटांत चार गाड्या हवेत उडाल्या, एक पूल कोसळला, नायकाने एकट्याने वीसजणांना लोळवले. ट्रेलर संपला आणि लगेच निकालही लागला. एक म्हणाला, "सुपरहिट!" दुसरा म्हणाला, "एकदम बकवास!" दोघांत चांगलीच जुंपली. पिक्चर लागायला अजून महिना होता!

आम्हाला हसू आले. पण घरी येताना विचार केला, की पोरांना हसण्याचा आपल्याला काय अधिकार? आपण मोठी माणसेही हेच करतो. म्हणून आजचे हे चार शब्द.

आमच्या लहानपणी ट्रेलर बघायलाही तिकीट काढावे लागे. मुख्य चित्रपटाआधी किंवा मध्यंतरात पुढच्या पिक्चरचे तुकडे दाखवीत. ज्याच्याकडे पैसे नसत तो टॉकीजबाहेर काचेच्या पेटीत लावलेले फोटो बघून घरी येई आणि गल्लीत अख्खी गोष्ट रचून सांगे. ट्रेलर या शब्दाचीही गंमत आहे. अमेरिकेत सुरुवातीला हे तुकडे मुख्य चित्रपट संपल्यावर, मागाहून दाखवीत. ट्रकच्या मागे जोडतात तो ट्रेलर, तोच हा शब्द. पुढे लोक पिक्चर संपताच उठून जाऊ लागले, म्हणून मागचा डबा पुढे आला. नाव मात्र तेच राहिले.

आता तो फुकट आणि घरबसल्या मिळतो. पण फुकट मिळणारी वस्तू कुणी का देतो, हे आपण विचारले पाहिजे. ट्रेलर ही जाहिरात आहे. अनेकदा दिग्दर्शक वेगळा असतो आणि ट्रेलर कापणारे वेगळे असतात. कोणत्या घरातून कोण तिकीट काढील याचा हिशेब करून ते तुकडे निवडतात. तरुणांसाठी मारामारी, बायाबापड्यांसाठी रडणे, आणि हल्ली आपल्यासाठी निळा झेंडा!

होय, आपल्यासाठीसुद्धा. आणि यात आम्ही स्वतः कसे फसलो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका पिक्चरचा ट्रेलर आला. नाव सांगत नाही. त्यात पोलीस चौकीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि एका मोर्चात निळा झेंडा होता. आमचा ऊर भरून आला. आम्ही वस्तीत घरोघर फिरून "आपला पिक्चर आहे, सगळ्यांनी सहकुटुंब यायचे" असे सांगितले. बेचाळीस तिकिटे काढली. एकशे ऐंशीप्रमाणे सात हजार पाचशे साठ रुपये झाले. आम्ही पडलो कारकून माणूस, हिशेब अजून वहीत आहे. पिक्चर सुरू झाला. ट्रेलरमध्ये फोटो जेवढा वेळ दिसला तेवढाच पिक्चरमध्ये दिसला. आपला म्हणून जो पोरगा होता तो मार खातो, त्याची आई रडते, आणि त्याला सोडवायला भलताच कोणी येतो. बाहेर पडताना चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आम्हाला एवढेच म्हणाल्या, "दादा, आपला माणूस पिक्चरात मार खायलाच असतो का?" त्यांनी पैशांचा विषय काढला नाही. काढला असता तर बरे वाटले असते.

उलटेही घडते. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली आला. त्याची जाहिरात पाहून आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी शाळकरी पोराच्या प्रेमाची गोड गोष्ट असेल असाच अंदाज केला. अजय-अतुल यांचे जे गाणे जिकडे तिकडे वाजत होते ते प्रसिद्धीसाठी केलेले होते, पिक्चरमध्ये ते नाहीच. लोक प्रेमकथा बघायला गेले आणि डुक्कर पकडणाऱ्या घरातला जब्या त्यांच्यासमोर उभा राहिला. मेलेले डुक्कर खांद्यावर वाहून नेणारी माणसे आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो. ट्रेलरवरून "हे आपले नाही" म्हणून जो घरी बसला तो या दगडाला मुकला.

आमची पोरे ट्रेलर आणि पोस्टर बारकाईने बघतात, याचे आम्हाला कौतुकही आहे. पा. रंजित यांचा रजनीकांतचा 'काला' २०१८ साली आला. धारावीची गोष्ट. त्याचे पहिले पोस्टर वर्षभर आधी आले होते. त्यात रजनीकांत जीपवर बसलेला. सगळ्यांनी रजनीकांत पाहिला. आमच्या अभ्यासिकेतल्या एका पोराने जीपची नंबरपाटी पाहिली: एमएच ०१ बीआर १९५६. तो धावत आला आणि म्हणाला, "सर, बीआर म्हणजे भीमराव रामजी, आणि १९५६ म्हणजे नागपूर!" दीक्षाभूमीचे साल आणि महापरिनिर्वाणाचेही साल. देशभर अनेकांनी ती पाटी अशीच वाचली होती, हे नंतर कळले. बघायचे तर असे बघावे.

आणि ट्रेलरमध्ये काय नाही तेही बघावे. 'सैराट'मध्ये पाटलाची आर्ची आणि मासेमाऱ्याचा परश्या यांच्यामध्ये जात उभी होती. त्यावरून हिंदीत 'धडक' केला २०१८ साली, तेव्हा राजवाडे आले, तलाव आला, झगमगाट आला आणि जात अंग चोरून बसली. ज्यांनी ट्रेलर नीट पाहिला त्यांना हा बदल आधीच दिसला होता. पुढे 'धडक २' आला, ऑगस्ट २०२५ मध्ये. तो मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' या २०१८ च्या तमिळ चित्रपटावरून केलेला आहे. कायदा शिकायला आलेल्या दलित मुलाची ती गोष्ट. याच्या ट्रेलरमध्ये जातीचा प्रश्न उघड मांडलेला होता. सेन्सॉर मंडळाने त्यात सोळा बदल करायला लावले ते वेगळे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

'फुले' हा अनंत महादेवन यांचा हिंदी चित्रपट ११ एप्रिल २०२५ ला, जोतीरावांच्या जयंतीला, लागणार होता. प्रतीक गांधी जोतीराव आणि पत्रलेखा सावित्रीबाई. आधी ट्रेलर आला आणि काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली. पिक्चर कोणीच पाहिला नव्हता, त्या दोन-तीन मिनिटांवर सगळे वादळ उठले. सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र देताना महार, मांग, पेशवाई असे शब्द काढायला सांगितले. तीन हजार वर्षांच्या गुलामीच्या जागी 'अनेक वर्षांची' करायला सांगितले. चित्रपट दोन आठवडे लांबला आणि २५ एप्रिलला लागला. दिग्दर्शक सांगत होते, की जोतीरावांना साथ देणारे ब्राह्मणही यात आहेत, आधी बघा तरी. १८४८ साली मुलींची शाळा पुण्यात ज्या वाड्यात भरली तो तात्यासाहेब भिड्यांचाच होता. पण ट्रेलर बघून चिडलेल्याला इतिहास कोण सांगणार?

आम्हा सर्वांना संताप आला. आमच्या वस्तीच्या मोबाइल ग्रुपवर तो ट्रेलर दिवसभर फिरत होता. कोणी अभिनंदन केले, कोणी निषेध केला, निळे बदाम तर मोजता आले नाहीत. आम्हीही चार ओळींचा खरमरीत निषेध लिहिला. मग पिक्चर लागला. पहिला आठवडा आम्ही जाऊ जाऊ म्हणत राहिलो. लग्नसराई होती, ऑफिसात काम होते. दुसऱ्या रविवारी गेलो तेव्हा आमच्या भागात सकाळचा एकच खेळ उरला होता. आत आम्ही धरून अकरा माणसे. आमच्या वस्तीतले आमच्या घराशिवाय एकही नाही.

त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून आमची मान खाली गेली. विरोध करणाऱ्यांनी ट्रेलर बघून पिक्चर वाईट ठरवला. आम्ही ट्रेलर बघून पिक्चर चांगला ठरवला आणि घरी बसलो. न बघताच निकाल द्यायचा, यात दोघांत फरक तो काय? थिएटरवाला फॉरवर्ड मोजत नाही, तो तिकिटे मोजतो. पहिल्या तीन-चार दिवसांत गर्दी दिसली नाही तर दुसऱ्या आठवड्यात खेळ कमी होतात आणि तिसऱ्यात पिक्चर उतरतो. निषेधाच्या चार ओळी लिहायला आम्हाला वेळ मिळाला, तिकिटाला मिळाला नाही, हे कबूल केले पाहिजे.

१९५४ साली आचार्य अत्रे यांनी 'महात्मा फुले' काढला तेव्हा मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर होते. केवढी कामे त्यांच्या मागे होती आणि प्रकृतीही साथ देत नव्हती, तरी ते गेले. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांना पडद्याची ताकद कळत होती. आपण मात्र अंगठा दाखवला की कर्तव्य संपले असे समजतो.

दर रविवारी धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. त्याचा अर्थ, या आणि पाहा. केसपुत्त गावच्या कालामांनाही तथागतांनी हेच सांगितले, की केवळ ऐकीव आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. धम्माला लावायची कसोटी पिक्चरला लावायला काय हरकत आहे?

पण वाचकहो, पैशांचे सोंग आणता येत नाही, हेही आम्ही जाणतो. पाच माणसांचे कुटुंब मल्टिप्लेक्सला जाऊन आले तर आठवड्याचा किराणा तेवढ्यात येतो. म्हणून सगळेच पिक्चर बघा असे आम्ही म्हणत नाही. वर्षातून दोनच बघा, पण निवडून बघा. पहिल्याच आठवड्यात जा, सकाळच्या खेळाला जा. तो बहुतेक ठिकाणी स्वस्त असतो. खाऊ घरी खाऊन निघा.

आणि निवडायचे कसे? आमच्या अभ्यासिकेत आता एक वही केली आहे. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे मुलांनी ट्रेलर पाहून पहिले मत लिहायचे: काय दिसले, कोण दिसले, कोण दिसले नाही. एकदा आवाजासह बघायचे, एकदा आवाज बंद करून. आवाज बंद केला की निम्मा रुबाब उतरतो, हे पोरांनीच शोधून काढले! मग घरातले कोणी पिक्चर पाहून आले की उजवीकडे लिहायचे, की प्रत्यक्ष काय मिळाले. आम्ही ऑफिसात बँकेचा हिशेब जुळवतो तसाच हा ताळमेळ. आतापर्यंत नऊ पिक्चर झाले. दोन्ही बाजू नीट जुळल्या त्या फक्त तिघांच्या.

परवा पायऱ्यांवर भांडणाऱ्या त्या दोघांनाही आम्ही वही दिली. एकाने डावीकडे 'सुपरहिट' लिहिले, दुसऱ्याने 'बकवास'. उजवी बाजू अजून कोरी आहे. पुढच्या महिन्यात भरू.

त्या मावशींनी मात्र आम्हाला बजावले आहे, "दादा, या खेपेला आधी तुम्ही बघून या. मग आम्हाला सांगा." त्यांचे बरोबर आहे.

जयभीम!