दोन टक्क्यांबाहेरचे काम

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस ओळीने येतात. तीन तारखेला जागतिक दिव्यांग दिन, चारला नौदल दिन, पाचला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. मधला दिवस मालवणने २०२३ साली तारकर्लीच्या किनाऱ्यावर डोळे भरून पाहिला. कडेचे दोन्ही दिवस मात्र मुंबई-पुण्याच्या कंपन्यांच्या कॅलेंडरमधून इकडे येतात. बस येते, एका रंगाचे टी-शर्ट उतरतात, हातमोजे वाटले जातात. दोन-अडीच तास किनारा साफ होतो, भरलेली पोती ओळीने मांडली जातात, बॅनर उलगडतो, फोटो होतो. मग सुरमईचे ताट, वर सोलकढी, आणि बस परतीला लागते.

यात वावगे काही नाही. ओल्या वाळूत रुतलेले नायलॉनचे जाळे उपसून काढणे म्हणजे काय, हे वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला एकदा कळलेले बरेच. जाळ्याचे एक टोक हाताला लागते, बाकीचे हातभर खोल असते. खणावे तर पाणी वाळू घेऊन येते आणि खड्डा पुन्हा भरतो. शेवटी कुणीतरी घरून कोयती आणतो आणि जाळे तुकड्या-तुकड्यांनी बाहेर येते. थर्माकोलचे तर नावच नको. उचलायला जावे तो हातातच त्याचा भुगा होतो. हा अनुभव माणसाला थोडा नमवतो, आणि कंपनीतल्या माणसांना अधूनमधून नमायला मिळाले तर त्यांचेही भलेच होईल.

पण बस गेल्यावर ती पोती कुणाची? ग्रामपंचायतीची. किनाऱ्यावरच्या लहान ग्रामपंचायतींकडे गाडी असली तर चालक नसतो, चालक असला तर कचरा टाकायला जागा नसते. पोती आठ दिवस माडाखाली राहतात, कुत्री ती फाडतात, आणि पुढच्या उधाणाला निम्मा माल पुन्हा समुद्रात जातो. वाईट याचे वाटते, की या प्रश्नाचे उत्तर याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. वेंगुर्ला नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा डेपोचे रूप असे पालटले, की लोक तो पाहायला सहलीने येऊ लागले. कचऱ्याची वर्गवारी घरातूनच, सुक्या कचऱ्याचेही अनेक प्रकार वेगळे काढलेले, ओल्याचा गॅस आणि खत, प्लास्टिकचा वापर डांबरी रस्त्यात. कचऱ्याविषयी शिकवायला आलेल्या कंपनीच्या माणसांनी एक दिवस या डेपोवर वर्गवारीच्या टेबलाशी उभे राहून काढला, तर शिकवणे आणि शिकणे यांची दिशा जरा सरळ होईल.

आता पैशाचे. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांतला कोणताही एक आकडा गाठणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. सिंधुदुर्गाची अडचण इथेच आहे. १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झालेला आणि १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला हा मुलूख. इथे निकषात बसणारी मोठी कंपनी सहसा सापडत नाही. धुराडी नाहीत म्हणून समुद्र निळा राहिला, आणि धुराडी नाहीत म्हणूनच दोन टक्क्यांचा ओघ मुंबई-पुण्याच्या आसपास जिरतो. लुपिनच्या फाउंडेशनसारखे काही अपवाद आहेत. जिल्ह्यात कारखाना नसतानाही ते इथे वर्षानुवर्षे काम करत आले. बाकीच्यांचा सिंधुदुर्गाशी संबंध सहलीपुरता, आणि म्हणून सामाजिक कामही सहलीसारखेच होते.

या कायद्याचा एक कोपरा मात्र फारसा चर्चेत येत नाही. मॅरेथॉन, पुरस्कार, प्रायोजकत्व असले एका दिवसाचे कार्यक्रम सामाजिक खर्चात धरू नयेत, असे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकातच सांगितले. ऑगस्ट २०२१ च्या खुलाशात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: कर्मचाऱ्यांनी श्रमदान जरूर करावे, पण त्यांच्या तासांची किंमत लावून ती दोन टक्क्यांत मोजता येणार नाही. आणि त्याच वर्षीच्या नियमांनी कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाची कामेही वगळली आहेत. म्हणजे कंपनीने एखाद्या अंध मुलीला नोकरी दिली, तिच्या संगणकाला बोलणारे सॉफ्टवेअर बसवले, चाकाच्या खुर्चीसाठी जिन्याशेजारी उतार बांधला, तरी त्यातला रुपयाही दोन टक्क्यांत बसत नाही.

थोडक्यात, तीन तारखेचे काम आणि पाच तारखेचे काम, दोन्ही हिशेबाबाहेरची. आम्हाला यात कायद्याची चूक दिसत नाही, उलट शहाणपण दिसते. नफ्यातला वाटा सक्तीने काढून घेता येतो. माणसाचा वेळ आणि आपल्या कचेरीतली एक खुर्ची सक्तीने घेता येत नाही. ती मनापासूनच द्यावी लागते. कंपनीची परीक्षा घ्यायची तर या दोन ठिकाणी घ्यावी. ताळेबंदाच्या त्या रकान्यात काय, सनदी लेखापाल सगळे बसवून देतात.

या जिल्ह्याला ही दोन्ही कामे एकत्र बघायची सवय असायला हवी होती. कणकवलीला १९४८ साली गोपुरी आश्रम उभा करणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम मलाही करू द्या, ही त्यांची मागणी. सवर्णाला ते काम देता येत नाही, असे तुरुंगाचे म्हणणे. अप्पांनी अन्न कमी केले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनी उपवास सुरू केला, तो ३ डिसेंबर १९३२ रोजी. याच तारखेला साठ वर्षांनी संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांग दिन ठरवला. हा निव्वळ योगायोग आहे, पण सिंधुदुर्गाने लक्षात ठेवावा असा आहे. अप्पांनी कुणाच्या वस्तीत जाऊन एक दिवस झाडू मारला नाही. ज्या कामामुळे माणसे वेशीबाहेर ठेवली गेली, ते काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले, मग पुढे आयुष्यभर संडास, खत, मेलेल्या जनावरांचे कातडे याच गोष्टींत ते राबले. कोकण गांधी म्हणून चौकाचौकांत त्यांची आठवण काढणारे आपण त्यातले कातडे आणि खत सोयीस्कर विसरतो, हा भाग निराळा.

खुर्ची देण्याची उदाहरणे देशात कमी नाहीत. टायटनने होसूरच्या घड्याळ कारखान्यात दिव्यांगांना गेल्या शतकातच कामावर घेतले. लेमन ट्री या हॉटेल साखळीने २००७ पासून कर्णबधिर मुलामुलींना नेमायला सुरुवात केली, तेव्हा आतिथ्याच्या धंद्यात बोलता न येणारा माणूस कसा चालेल, अशीच शंका कुणालाही आली असती. मुंबईत मिरॅकल कुरिअर्सने कर्णबधिर तरुणांच्या जोरावर पार्सले पोचवली. हे धर्मादाय नव्हते, धंदा होता. पार्सल वेळेत गेले नाही तर गिऱ्हाईक तुटते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा दिल्या. खासगी आस्थापनांवर टक्क्यांची सक्ती नाही. समान संधीचे धोरण लिहून जाहीर करण्याची आहे. लिहून ठेवणे सोपे, हे आपल्याला ग्रामसभेच्या ठरावांवरून ठाऊक आहेच.

मालवणात हा विषय परका वाटू नये. आमच्याकडे कारखाने नसतील, पण खोल्या आहेत. तारकर्ली, देवबाग, वायरी, चिवला बीच इथला पर्यटनाचा धंदा आता लहान राहिलेला नाही, आणि त्यातल्या किती खोल्यांत चाकाची खुर्ची उंबऱ्यावरून आत जाते? न्हाणीघरात धरायला दांडी किती ठिकाणी आहे? शेजारी गोव्याने जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरवला, देशभरातून दिव्यांग मंडळी आली, नाचली, समुद्रावर गेली. बांद्यापलीकडे जे जमते ते अलीकडे जमत नाही, याला भूगोल जबाबदार नाही.

किल्ल्याचेच घ्या. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. आज मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसून तिथे जायला फार वेळ लागत नाही. पण होडी लाटेवर वर-खाली होत असते, नावाडी एक पाय होडीत आणि एक पाय धक्क्यावर ठेवून हात पुढे करतो, आणि आपण बरोबर क्षण साधून पाऊल टाकतो. ज्याला पाऊल टाकता येत नाही तो धक्क्यावर बसून कुटुंबाची वाट बघतो. नाहीतर चार जण त्याला पोत्यासारखा उचलतात आणि सगळा धक्का बघत राहतो. भरती-ओहोटीबरोबर खाली-वर होणारी, खुर्ची सरळ होडीत नेणारी एक फळी: काम एवढेच आहे, पण ते झाडू-खराट्याचे नाही, नौका जाणणाऱ्या अभियंत्याचे आहे. माझगाव डॉक आणि गोवा शिपयार्ड या दोन्ही सरकारी कंपन्या आपल्या दोन बाजूंना आहेत, आणि त्यांत कोकणी माणूस कमी नसेल. त्यांच्या चार अभियंत्यांनी चार शनिवार मालवणच्या धक्क्यावर काढले, नावाड्यांना बरोबर घेऊन आराखडा केला, तर त्याला आम्ही स्वयंसेवा म्हणू. आणि घाई करू नये. उद्घाटनाच्या तारखा आधी ठरल्या की काय होऊ शकते, याचा अंदाज २६ ऑगस्ट २०२४ रोजी राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा कोसळल्यानंतर तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेगळा द्यायला नको.

कौशल्याची स्वयंसेवा ही कल्पना नवी नाही. टाटा समूहाच्या प्रोएंगेज उपक्रमात कर्मचारी आपल्या कामाच्या वेळेबाहेर काही महिने एखाद्या संस्थेचे एकच काम धरून बसतात: कुणी हिशेबाची पद्धत बसवून देतो, कुणी संकेतस्थळ. सिंधुदुर्गाला हवे ते हे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया पर्यटकांना कांदळवन दाखवतात. होडी त्याच वल्हवतात. तिवर कुठला, चिप्पी कुठली, धीवर कुठल्या फांदीवर बसतो हे सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा (यूएनडीपी) आणि राज्याच्या कांदळवन कक्षाचा हात त्यांच्या पाठीशी होता. या बायांना खाडी शिकवायला मुंबईहून कुणी येऊ नये. पण ऑनलाइन आरक्षण, होडीचा विमा, कराचा कागद, बँकेचा अर्ज या गोष्टी जो रोज डोळे मिटून करतो, त्याने सहा महिने दर बुधवारी फोनवर एक तास द्यावा. फोटो येणार नाही, मात्र गटाच्या खात्यावर फरक दिसेल.

रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून करायच्या मासेमारीत, एक रीत आहे. जाळ्याचे, होडीचे, मेहनतीचे वाटे ठरलेले असतात, आणि दोर ओढायला ऐनवेळी हात लावणाराही मासळी घेऊनच घरी जातो. ओढणारा आणि खाणारा असे दोन वर्ग रापणीत नसतात. कंपन्यांच्या सामाजिक कामात मात्र देणारे एका बाजूला आणि घेणारे समोर सतरंजीवर. कुठल्या शाळेला काय हवे, कुठल्या वाडीला काय हवे, हे ठरवणाऱ्या समितीत त्या वाडीचे कुणी असते का, हा प्रश्न कधीतरी विचारून बघावा. नाहीतर पटावर पंधरा मुले असलेल्या शाळेत पंचवीस दप्तरे येतात, आणि कौले मात्र गळतच राहतात.

काही वेळा न करणे हीच स्वयंसेवा असते. डिसेंबरच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांचा हंगाम सुरू होतो. वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर गावातले कासवमित्र पहाटे पावलांचे माग काढत फिरतात, घरटी शोधतात, अंडी कोल्ह्याकुत्र्यांपासून राखतात. पिल्ले बाहेर आली की पाण्यावरचा उजेड बघून समुद्राकडे धावतात. किनाऱ्यालगत हॉटेलचा झगझगीत दिवा असला तर दिशा चुकून त्याच्याकडे वळतात. वर्षाला एकदा किनारा झाडणाऱ्या हॉटेलाने हंगाम संपेपर्यंत समुद्राकडचे दिवे रात्री मालवले, तर त्याचे मोल अधिक. वृक्षारोपणाचेही तसेच. डिसेंबरात कोकणात रोप लावायचे तर मेअखेरपर्यंत त्याला पाणी कोण घालणार, हे आधी सांगा आणि मग खड्डा खणा.

आणि तारखेचा विचार कंपन्यांनी एकदा नव्याने करावा. डिसेंबरात समुद्र निळा असतो, हवा गार असते, सगळेच येतात. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्या वर ओढलेल्या असतात, खोल्या रिकाम्या, हातात पैसा नाही, आणि वेळ मात्र भरपूर. हिशेब शिकायचा, परवान्याचे कागद करायचे, खोलीचा उंबरा फोडून उतार बांधायचा, होडीची फळी करून बघायची, तर तेच दिवस. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे स्वयंसेवकांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने एखाद्या कंपनीने आपला स्वयंसेवक दिन जूनमध्ये नेऊन दाखवावा. छत्र्या आणाव्या लागतील. कोकण रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तेव्हा तिकिटे एप्रिलमध्येच काढावीत.